१३७ विरुद्ध १३७ : घानाच्या संसदेतील बरोबरी

(द्वितीय वर्ष कला, राज्यशास्त्र)

राज्यशास्त्राच्या तासाला आमचे सर सभागृहातील मतदानाचे नियम शिकवीत होते. दोन्ही बाजूंना समसमान मते पडली, म्हणजे सभापतींनी आपले निर्णायक मत द्यावयाचे, ही आपल्या लोकसभेची पद्धत त्यांनी सांगितली. मागल्या बाकावरून कोणीतरी विचारले, “सर, पण सभापतींना मतच नसेल तर?” वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर तीन आकडे लिहिले : १३७, १३७, १. आणि म्हणाले, “घाना, २०२०. वाचून या.”

किती जण वाचून आले ते ठाऊक नाही. मी मात्र वाचत गेले, आणि वाचता वाचता त्या तीन आकड्यांत अडकले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. निवडणूक म्हणजे गुलाल आणि मिरवणूक, एवढेच लहानपणापासून पाहिलेले. निकाल लागला की निवडणूक संपली, असे मला वाटत असे. घानाच्या निकालाने माझी ही समजूत पुसून टाकली. तेथे निकाल लागल्यानंतर चार वर्षे तोच निकाल रोज नव्याने लागत होता. तो कसा, हे जमेल तसे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

हत्ती आणि छत्री

घाना हा पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील देश. आकाराने महाराष्ट्राच्या सुमारे तीन चतुर्थांश; २०२१ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या तीन कोटींच्या थोडी वर. सोने आणि कोको ही त्याची जुनी ओळख. इंग्रजांच्या अमदानीत त्याचे नावच ‘गोल्ड कोस्ट’ असे होते. १९५१ च्या निवडणुकीत क्वामे एन्क्रुमा तुरुंगात असतानाच अक्रा शहरातून निवडून आले, आणि इंग्रजांना त्यांना सोडून सरकार बनवावयास बोलवावे लागले. ६ मार्च १९५७ रोजी देश स्वतंत्र झाला. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत वसाहतीच्या जोखडातून सुटलेल्या देशांत घानाचे नाव अगदी आरंभी घेतले जाते.

पण स्वातंत्र्य आले म्हणून लोकशाही टिकलीच, असे नाही. १९६४ मध्ये एन्क्रुमांनी देशात एकच पक्ष ठेवला. १९६६ मध्ये लष्कराने त्यांना पदच्युत केले. त्यानंतर १९६९ आणि १९७९ मध्ये लोकनियुक्त सरकारे आली, परंतु १९७२ आणि १९८१ मध्ये सैनिकांनी ती उलथून टाकली. १९८१ च्या अखेरीस सत्ता घेतलेले जेरी रॉलिंग्ज यांच्याच कारकिर्दीत १९९२ ची राज्यघटना सार्वमताने मंजूर झाली, आणि ७ जानेवारी १९९३ पासून ‘चौथे प्रजासत्ताक’ सुरू झाले. आज तेथे हीच घटना चालू आहे.

या घटनेखालील पहिल्या संसदीय निवडणुकीवर प्रमुख विरोधी पक्षाने बहिष्कार घातला होता. त्यामुळे २०० पैकी १८९ जागा एकट्या सत्ताधारी पक्षाला मिळाल्या. पुढे मात्र दोन मोठे पक्ष पक्के झाले. एक नॅशनल डेमोक्रॅटिक काँग्रेस, म्हणजे एनडीसी. हिची खूण छत्री. दुसरी न्यू पेट्रिऑटिक पार्टी, म्हणजे एनपीपी; हिची खूण हत्ती. आपल्याकडे जसे खुणेवरून पक्ष ओळखतात, तसे आपणही सोयीसाठी त्यांना छत्रीवाले आणि हत्तीवाले म्हणू. २०००, २००८ आणि २०१६ या तिन्ही निवडणुकांत सत्ता एका पक्षाकडून दुसऱ्याकडे मतपेटीतून गेली. ज्या प्रदेशात सत्तांतर म्हणजे रणगाडे असा अनुभव होता, तेथे ही सामान्य गोष्ट नव्हे.

एका दिवसात दोन मतपत्रिका

घानात राष्ट्राध्यक्ष आणि संसद यांची निवडणूक दर चार वर्षांनी एकाच दिवशी होते. मतदाराच्या हातात दोन मतपत्रिका पडतात : एक राष्ट्राध्यक्षासाठी, दुसरी आपल्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीसाठी. पसंतीच्या उमेदवारापुढे शाईच्या अंगठ्याचा ठसा उमटवायचा. राष्ट्राध्यक्ष होण्यास निम्म्याहून अधिक मते लागतात. संसदेला मात्र आपल्याप्रमाणेच, ज्याला सर्वांत जास्त मते तो विजयी.

मला सर्वांत आवडली ती मोजणीची रीत. पेट्या दूर कोठे नेत नाहीत. मतदान संपले की त्याच केंद्रावर, गावकऱ्यांच्या देखत, एकेक मतपत्रिका वर धरून दाखवीत मोजणी होते. निकाल एका गुलाबी कागदावर लिहितात, त्यावर पक्षांचे प्रतिनिधी सही करतात आणि प्रत्येकाला प्रत मिळते. हा ‘पिंक शीट’ तेथे लहान मुलांनाही ठाऊक आहे. २०१२ च्या अध्यक्षीय निवडणुकीचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालला, तो याच गुलाबी कागदांवर. अशी अडतीस हजारांवर केंद्रे २०२० मध्ये होती, आणि मतदार होते सुमारे १ कोटी ७० लाख.

दोन मतपत्रिका असल्यामुळे मतदार राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि खासदार दुसऱ्या पक्षाचा निवडू शकतो. घानाचे लोक याला ‘स्कर्ट अँड ब्लाउज’ मतदान म्हणतात : वरचा कपडा एका रंगाचा, खालचा दुसऱ्या. २०२० चा निकाल समजून घ्यायचा तर हा शब्द लक्षात ठेवला पाहिजे.

७ डिसेंबर २०२० रोजी मतदान झाले. राष्ट्राध्यक्ष नाना अकुफो-अडो हे हत्तीवाले. ते ५१ टक्क्यांच्या थोड्या अधिक मतांनी पुन्हा निवडून आले. छत्रीवाल्यांचे जॉन महामा सुमारे ४७ टक्क्यांवर राहिले. संसदेचे चित्र मात्र पार वेगळे निघाले. २०१६ मध्ये २७५ पैकी हत्तीवाल्यांच्या १६९ आणि छत्रीवाल्यांच्या १०६ जागा होत्या. चार वर्षांत हत्तीवाल्यांनी ३२ जागा गमावल्या आणि दोन्ही पक्ष १३७ वर येऊन थांबले. उरलेली एक जागा अपक्षाची. चौथ्या प्रजासत्ताकात असे पूर्वी कधीच घडले नव्हते.

फोमेनाचा एक माणूस

तो अपक्ष कोण? अँड्र्यू असियामा आमोआको. मतदारसंघ फोमेना, अशांती प्रदेशातला. अशांती हा हत्तीवाल्यांचा बालेकिल्ला, आणि असियामाही मूळचे हत्तीवालेच. ते त्या पक्षाचे खासदार होते. पण २०२० मध्ये ते अपक्ष म्हणून उभे राहिले.

घानाच्या घटनेच्या ९७ व्या कलमात पक्ष सोडणाऱ्या खासदाराची जागा रिकामी होते, अशी तरतूद आहे. आपल्याकडे १९८५ मध्ये पक्षांतरबंदीसाठी दहावी अनुसूची आली, तिच्या जातकुळीतलीच ही तरतूद. हत्तीवाल्यांनी सभापतींना पत्र लिहिले, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये, निवडणूक महिन्यावर आली असताना, फोमेनाची जागा रिकामी जाहीर झाली. पक्षाने घराबाहेर काढलेला हा माणूस महिन्याभरात अपक्ष म्हणून निवडून आला. आणि निकालाची बेरीज झाली तेव्हा साऱ्या देशाचे डोळे त्याच्याकडे लागले. ज्याला काढून टाकले, त्याच्याच दाराशी पक्षाला जावे लागले.

७ जानेवारी २०२१ ची रात्र

नव्या संसदेचे पहिले काम म्हणजे सभापतीची निवड. घानात सभापती खासदार असावा लागत नाही. खासदार सभापती झाला तर त्याची जागा रिकामी होते. त्याला कोणत्याही ठरावावर मत नसते. शिवाय घटनेच्या १०४ व्या कलमाप्रमाणे समसमान मते पडली तर ठराव फेटाळला गेला असे समजतात. आमच्या वर्गातल्या प्रश्नाचे उत्तर हे होते. सभापतींना मत नसेल तर बरोबरी ‘नाही’च्या बाजूने मोजली जाते. याचा अर्थ असा की, १३७ विरुद्ध १३७ या सभागृहात विरोधकांना जिंकण्याची गरज नव्हती. हरले नाहीत तरी पुरे होते. सरकारला मात्र प्रत्येक वेळी एक मत जास्त आणावेच लागणार होते.

त्या रात्री छत्रीवाले लवकर येऊन सत्ताधाऱ्यांच्या बाकांवर जाऊन बसले. आपणच बहुसंख्य, हा त्यांचा दावा. सभापतिपदासाठी हत्तीवाल्यांचे उमेदवार आधीचेच सभापती माइक ओक्वाये, आणि छत्रीवाल्यांचे अल्बन बॅगबिन. बॅगबिन १९९३ पासून सलग खासदार राहिलेले मुरलेले संसदपटू. २०२० मध्ये ते लोकसभेसारख्या त्या सभागृहासाठी उभेच राहिले नव्हते. मतदान गुप्त ठेवायचे ठरले. त्यावरून धक्काबुक्की झाली. एक सत्ताधारी खासदार मतपत्रिका हिसकावून पळाला. हत्यारबंद सैनिक सभागृहात शिरले. हे सारे दूरचित्रवाणीवर लोक जागेपणी पाहत होते. पहाटेच्या सुमारास निर्णय झाला : बॅगबिन सभापती. सत्ताधारी गोटातले मत फुटले, अशी पुढे चर्चा झाली. राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि सभापती विरोधी पक्षाचा, असे चौथ्या प्रजासत्ताकात प्रथमच घडले. त्याच दिवशी त्याच सभापतींसमोर अकुफो-अडो यांनी शपथ घेतली.

आठवड्याभरात, १५ जानेवारी रोजी, बॅगबिन यांनी जाहीर केले की फोमेनाचे सदस्य हत्तीवाल्यांबरोबर बसणार आहेत. म्हणजे १३८ विरुद्ध १३७. असियामांना दुसरे उपसभापतिपद मिळाले. पहिले उपसभापती जोसेफ ओसेई-ओवुसू हे हत्तीवालेच. सरकारला बहुमत मिळाले खरे, पण ते एका माणसाच्या रुंदीचे.

एकशे अडतीसावा कोण?

या एका माणसाच्या बहुमताचे पुढे काय झाले, हे अर्थसंकल्पाच्या गोष्टीवरून कळते. येथे थोडे गणित करावे लागेल. घटना म्हणते की कोणताही निर्णय घेताना एकूण सदस्यांपैकी किमान निम्मे सभागृहात हजर हवेत. २७५ चे निम्मे साडेएकशे सदतीस. अर्धा माणूस नसतो, म्हणून १३८.

२६ नोव्हेंबर २०२१ रोजी २०२२ चा अर्थसंकल्प मतास आला. वादावादी होऊन सत्ताधाऱ्यांनी सभात्याग केला. मागे राहिलेल्या छत्रीवाल्यांनी अर्थसंकल्प फेटाळून लावला. चार दिवसांनी, ३० नोव्हेंबरला, छत्रीवाले गैरहजर असताना उपसभापती ओसेई-ओवुसू खुर्चीवर बसले. त्यांनी आधीचा निर्णय रद्दबातल ठरविला. कारण काय? तर त्या दिवशी सभागृहात फक्त १३७ सदस्य होते. सभापती हा सदस्यच नव्हे. मग आज किती हजर आहेत? हत्तीवाले १३७ आणि फोमेनाचे अपक्ष मिळून १३८. पण त्या १३८ मध्ये खुर्चीवर बसलेले उपसभापती स्वतः धरलेले होते! छत्रीवाल्यांनी विचारले, सभापतीला मोजायचे नाही, तर सभापतीच्या खुर्चीवर बसलेल्याला कसे मोजता?

प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ मार्च २०२२ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की उपसभापती हा मूळचा खासदार आहे. खुर्चीवर बसला म्हणून त्याच्या मतदारसंघाचे मत बुडत नाही. त्याला गणपूर्तीत मोजावे आणि त्याने मतही द्यावे. विरोधकांना हा निर्णय रुचला नाही. मला मात्र त्यातला एक विचार पटतो. खुर्ची कोणाचीही असो, तिच्यावर बसणाऱ्याच्या पाठीमागे काही हजार माणसांचे मतदान उभे असते.

याच काळात गाजला तो ‘ई-लेव्ही’. घानात बँकेपेक्षा मोबाइलवरून पैसे पाठविण्याची रीत अधिक रुळलेली आहे. बाजारात टोमॅटो विकणारी बाईसुद्धा मोबाइलवर पैसे घेते. सरकारने अशा व्यवहारांवर १.७५ टक्के कर सुचविला. डिसेंबर २०२१ मध्ये यावरून सभागृहात चक्क ठोसेबाजी झाली. आणि निमित्त तेच, खुर्चीवरचे उपसभापती मत देण्यासाठी खाली उतरू पाहत होते. शेवटी २९ मार्च २०२२ रोजी, छत्रीवाल्यांनी सभात्याग केल्यावर, दर १.५ टक्क्यांवर आणून विधेयक संमत झाले आणि १ मे पासून कर लागू झाला. २०२५ मध्ये नव्या सरकारने तो रद्द केला.

आणखी एक खुर्ची या काळात वरखाली होत राहिली. असिन नॉर्थ मतदारसंघातून छत्रीवाल्यांचे जेम्स ग्याक्ये क्वेसन निवडून आले होते. उमेदवारी भरताना त्यांनी कॅनडाचे नागरिकत्व पुरते सोडलेले नव्हते, असा आक्षेप होता. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांची निवड रद्द केली, एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना काम करण्यास मनाई केली आणि मे २०२३ मध्ये त्यांचे नाव संसदेच्या पटावरून काढावयास सांगितले. २७ जून २०२३ रोजी पोटनिवडणूक झाली. दोन्ही पक्षांनी सारी ताकद त्या एका ग्रामीण मतदारसंघात लावली. निवडून आले पुन्हा क्वेसनच.

एरवी शंभर-दोनशेच्या सभागृहात एखादी जागा रिकामी पडली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. येथे मंत्री परदेशी गेला तरी सरकारचा श्वास अडकत असे. कारण घानात निम्म्याहून अधिक मंत्री खासदारांतूनच घ्यावे लागतात, आणि मंत्री विमानात असला की त्याचे बाक रिकामे.

ज्यांची जागाच नव्हती

येथवर वाचताना मला हा सारा खेळ रंजक वाटत होता. एखाद्या अटीतटीच्या कबड्डीसारखा. परंतु पुढे चार गावांची नावे वाचली, आणि माझे वाचन थांबले. सांत्रोकोफी, अक्पाफू, लिक्पे आणि लोलोबी. इंग्रजी आद्याक्षरे जोडून त्यांना घानात ‘साल’ असे म्हणतात.

ही गावे पूर्वी व्होल्टा प्रदेशातील होहोए मतदारसंघात मतदान करीत. डिसेंबर २०१८ मध्ये सार्वमत झाले आणि व्होल्टाच्या उत्तरेकडील भाग वेगळा होऊन ‘ओटी’ हा नवा प्रदेश झाला. ही चार गावे ओटीत गेली. घटनेचे ४७ वे कलम सांगते की एकच मतदारसंघ दोन प्रदेशांत पसरलेला असता कामा नये. म्हणजे या गावांना होहोएत मत देता येणार नाही, हे ओघाने आले. त्यांच्यासाठी ग्वान नावाचा नवा जिल्हा निर्माण झाला. पण नवा मतदारसंघ वेळेत झाला नाही. आणि मतदानाच्या आदल्या दिवशी, ६ डिसेंबर २०२० रोजी, निवडणूक आयोगाने जाहीर केले की येथील लोक राष्ट्राध्यक्षासाठी मत देतील, संसदेसाठी नाही.

प्रत्येक नियम आपापल्या जागी बरोबर होता. प्रदेशाची सीमा कायदेशीर, मतदारसंघाचा नियम घटनेतला, आयोगाची घोषणा त्या नियमाला धरून. फक्त या सगळ्यांच्या मधोमध काही हजार माणसे कोठेच नव्हती.

आता हे पुन्हा त्या आकड्यांशेजारी ठेवून पाहा. होहोए हा छत्रीवाल्यांचा जुना प्रभाव असलेला भाग. २०२० मध्ये तेथे हत्तीवाले निवडून आले, सुमारे पाच हजारांच्या मताधिक्याने. चार गावांतले मतदार त्या मताधिक्याच्या कितीतरी पट होते. ते मतदान करते तर काय झाले असते, हे आज कोणीही सांगू शकत नाही. मी तर मुळीच नाही. परंतु ज्या सभागृहात एका जागेसाठी न्यायालये, सैनिक आणि मुठी कामाला लागल्या, त्या सभागृहात या लोकांची एक जागा चार वर्षे नव्हतीच. ई-लेव्हीवर मतदान झाले, अर्थसंकल्प आले-गेले, आणि लिक्पेच्या शेतकऱ्याच्या वतीने हात वर करणारे कोणी नव्हते. कर मात्र त्यांनाही लागू होता.

माझे वाचन का थांबले, तेही सांगते. आमची वाडी पूर्वी गट ग्रामपंचायतीत होती. काही वर्षांपूर्वी ती वेगळी झाली. त्या वर्षीच्या मतदानाला माझी आजी सकाळी सकाळी नऊवारी नेसून शाळेत गेली आणि तासाभरात परत आली. आमच्या आळीतल्या काही घरांची नावे जुन्या यादीतून उठली होती आणि नव्या यादीत बसली नव्हती. आजी पडवीत बसली आणि म्हणाली, “मी जित्ती हाय का न्हाई, ते आता कागदाला इचारून ये.” आम्ही हसलो. ती हसली नाही. घाना आणि आमची वाडी यांची तुलना करण्याचा माझा हेतू नाही; ते योग्यही नव्हे. एवढेच की सांत्रोकोफीच्या लोकांना त्या दिवशी काय वाटले असेल, ते समजायला मला नकाशा लागला नाही.

पुन्हा फोमेना

या कथेचा शेवट जेथून ती सुरू झाली तेथेच झाला. २०२४ च्या डिसेंबरमधील निवडणुकीसाठी अर्ज भरले गेले. असियामांनी या वेळी हत्तीवाल्यांच्या वतीने अर्ज भरला. हत्तीवाल्यांच्या दोन खासदारांनी आणि छत्रीवाल्यांच्या एकाने अपक्ष म्हणून भरला. १७ ऑक्टोबर २०२४ रोजी सभापती बॅगबिन यांनी चारही जागा रिकाम्या झाल्याचे सांगितले. आधार कोणता? तोच, २०२० चा फोमेनाचा पायंडा. पक्षाने स्वतः पाडलेली वाट आता त्याच पक्षाच्या अंगणात येऊन थांबली. बेरीज बदलली : छत्रीवाले १३६, हत्तीवाले १३५. विरोधक रातोरात बहुसंख्य झाले.

दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने या निर्णयाला स्थगिती दिली, आणि १२ नोव्हेंबर रोजी ५ विरुद्ध २ मतांनी तो घटनाबाह्य ठरविला. चालू संसदेत असतानाच बाक बदलले तर जागा जाते. पुढच्या निवडणुकीचा अर्ज दुसऱ्या खुणेवर भरला म्हणून जात नाही, असा न्यायालयाचा आशय होता. मग २०२० मध्ये फोमेनाच्या मतदारांचा प्रतिनिधी काढून टाकला गेला, ते बरोबर होते काय? हा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात उरतोच.

७ डिसेंबर २०२४ रोजी मतदारांनी बरोबरी मोडली, आणि तीही निर्दयपणे. जॉन महामा ५६ टक्क्यांहून अधिक मते घेऊन राष्ट्राध्यक्ष झाले. हरलेले उमेदवार, तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष महामुदू बावुमिया यांनी अधिकृत निकालाची वाट न पाहता दुसऱ्याच दिवशी पराभव मान्य केला. संसदेत छत्रीवाल्यांना १८० हून अधिक जागा मिळाल्या, हत्तीवाले नव्वदच्याही खाली आले. सभापतिपदी पुन्हा बॅगबिनच. या वेळी धक्काबुक्कीशिवाय.

मात्र माझ्या दृष्टीने या निकालातला महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे. २०२४ ची संसद २७५ जागांची नव्हती, २७६ जागांची होती. वाढलेला मतदारसंघ म्हणजे ग्वान. सांत्रोकोफी, अक्पाफू, लिक्पे आणि लोलोबी यांनी त्या दिवशी दोन्ही मतपत्रिकांवर अंगठा उमटविला.

काय शिकावे?

या चार वर्षांबद्दल दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, बरोबरीमुळे कारभार खोळंबला, मारामाऱ्या झाल्या, हसे झाले. ते खोटे नाही. दुसरे म्हणते, सरकारला प्रथमच प्रत्येक गोष्टीचा हिशेब द्यावा लागला. तेही खोटे नाही. मला तिसरी एक गोष्ट दिसते. त्याच काळात आसपास काय चालले होते? मालीमध्ये २०२० आणि २०२१, गिनीमध्ये २०२१, घानाला लागून असलेल्या बुर्किना फासोत २०२२ मध्ये दोनदा आणि नायजरमध्ये २०२३ मध्ये लष्कराने सत्ता घेतली. घानाचे खासदार मुठी उगारीत होते, पण भांडण घटनेच्या कोणत्या कलमाचा अर्थ काय, यावर होते. आणि दर वेळी ते न्यायालयाच्या किंवा मतदाराच्या दारी जाऊन मिटत होते. सैनिक त्या रात्री सभागृहात आले आणि परत बाहेर गेले. शेजारी ते बाहेर गेले नाहीत.

परंतु नियम टिकले एवढ्यावर समाधान मानू नये, हे ती चार गावे सांगतात. कायद्याच्या प्रत्येक ओळीचे पालन होऊनही माणूस यादीबाहेर राहू शकतो. निकालात कोण जिंकले हे आपण वाचतो; मोजणीत कोण नव्हते हेही विचारले पाहिजे. १३७ अधिक १३७ अधिक १ ही बेरीज २७५ होते. ती चुकलेली नव्हती, पण पुरी नव्हती.

सरांना मी हे सारे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “लिहून दे अंकासाठी.” म्हणून लिहिले. यंदा दिवाळीच्या सुट्टीत मतदार यादी पाहिली, तेव्हा आधी आजीचे नाव शोधले. ते आता आहे. माझेही आले आहे, तिच्या खाली दोन ओळी सोडून. आमच्या आळीतल्या चार घरांची नावे अद्याप नाहीत. त्यांचे अर्ज मी भरून दिले आहेत, आणि पोचपावत्या आजीने देवघराच्या फळीवर जपून ठेवल्या आहेत.